पट्टा, शेक आणि आठ मिनिटं

रिद्धपुरात कंबरदुखीसाठी कोणाच्या घरी गेलं, की पाण्याच्या तांब्यामागोमाग एक पिशवी येते. अमरावतीला काढलेल्या एमआरआयची फिल्म, गोळ्यांची रिकामी पाकिटं, पिळून चपट्या झालेल्या मलमाच्या ट्यूबा आणि वेल्क्रो निकामी झालेला कमरेचा पट्टा. ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडमसोबत मी गेलो होतो, त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि कंबर धरून बसलेल्या घरच्या मावशींना भलतंच विचारायला सुरुवात केली. ताप येतो का? वजन उतरलं का? लघवी-संडासवरचा ताबा सुटतो का? मांड्यांच्या मधे बधिर लागतं का? यातलं एकही ‘हो’ आलं असतं तर व्यायाम राहिला बाजूला, थेट दवाखाना. तसं काही नव्हतं. दुखणं मात्र काही वर्षांचं. तीन महिन्यांपलीकडे टिकलं की दुखणं जुनाट मानतात.

मग फिल्म उजेडाकडे धरली गेली. ‘गादी सरकली’ एवढं निदान मावशींना पाठ होतं आणि तेव्हापासून त्या वाकायला भीत होत्या. मॅडमनी दुसरी बाजू सांगितली. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे 80 टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, 60 टक्क्यांच्या फुगलेल्या. फिल्मवरचा डाग आणि कमरेतली कळ यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही.

“मंग दुखते कायले?” मावशींचा प्रश्न रास्त होता.

“शेतात डुकरांसाठी जागलीवर माणूस बसतो ना, मावशी? एकदा कळप पीक लोळवून गेला की पुढं वाऱ्यानं पान हललं तरी तो डबा वाजवतो. तुमच्या नसा तशा जागलीवर बसल्यात. दुखणं खरंच आहे, पण दर वेळी डुक्कर आलेलं नसतं.”

मावशी हसल्या, पण पटलं नव्हतं. “मी दिसभर निंदतो, वाकतो. मंग हा आनखी कोनता व्यायाम?” हा प्रश्न मॅडमना घरोघरी ऐकावा लागतो आणि शहरात शिकलेल्याला तो सुरुवातीला अडवतोच. उत्तर त्यांनी घड्याळानं दिलं. मावशींना अंगणातच निंदायच्या बेतानं वाकायला सांगितलं. दहाव्या मिनिटाला हात कमरेवर गेला. तेवढ्यावरून हिशेब ठरला: शेतात आठ मिनिटं वाकायचं, मग दुखो न दुखो, उभं राहून धुऱ्यापर्यंत जाऊन यायचं. थोड्या दिवसांनी नऊ. बरं वाटलं त्या दिवशीही जास्त नाही. जुन्या दुखण्याचा घात बऱ्या दिवशीच होतो, कारण त्या दिवशी बाई तीन दिवसांचं काम उरकते आणि पुढचे चार दिवस खाटेवर काढते.

मग फावड्याचा दांडा मागवला. तो पाठीवर उभा धरायचा, डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकलेला. तीनही जागा न सोडता खुब्यातून वाकायचं. मावशींचा दांडा पहिल्यांदा लगेच सुटला, कारण त्यांना पाठ वाकवणं आणि खुब्यातून झुकणं वेगळं कळतच नव्हतं. नातवानं मागून धरून दाखवलं तेव्हा जमलं. नंतर चटईवर उताणं, गुडघे दुमडून कंबर उचलायची, आणि खाटेवरून हात न टेकता उठायचं. दुखणं दहापैकी चारपर्यंत गेलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असायला हवं. वाढलेलं असेल तर व्यायाम बंद नाही, अर्धा.

“अन् करंट नाही लावत का, मॅडम?”

करंटला शास्त्राचा आधार होता. स्पर्शाचा संदेश वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूतच अडवू शकतो, हा मेल्झॅक आणि वॉल यांचा सिद्धांत 1965 चा, आणि करंटची यंत्रं त्यातूनच वाढली. पण जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वजन लावून ताणणं, पट्टे, करंट हे उपाय सरसकट वापरू नयेत असं म्हटलं आहे. समजावणं आणि व्यायाम शिफारशीत आहेत. शेकानं तासभर बरं वाटतं, तर घरीच गरम पाण्याची पिशवी घ्या, असं मॅडम म्हणाल्या. माझं मत जरा कडू आहे. यंत्राचे पैसे लोक मुकाट देतात, अर्ध्या तासाच्या बोलण्याचे देताना हात आखडतो; म्हणून दवाखान्यात दिवे आणि वायरी दिसतात, फावड्याचा दांडा दिसत नाही.

बरं होऊन करायचं काय, हेही मॅडम लिहून घेतात. मावशींनी शेताचं नाव काढलं नाही. घर महानुभाव पंथाचं. रिद्धपूर म्हणजे पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा इथंच जमवल्या. इथल्या स्थानांवरच्या ओट्यांना मावशी बऱ्याच दिवसांपासून उभ्यानंच हात जोडतात. त्यांना दंडवत घालायचा होता.

मॅडमनी दंडवताचे तुकडे केले. आधी खाटेचा आधार घेऊन एक गुडघा, मग दुसरा. मग हात जमिनीवर, मग पोटावर. जाणं सोपं, परत येणं अवघड, म्हणून सराव उलटा: आधी उठायचं शिकायचं. पालथ्यावरून रांगत्या स्थितीत, तिथून एक पाय पुढे, मांडीवर हात, वर. गुडघ्याखाली गोधडीची घडी. दिवाळीच्या आसपास मावशी ओट्यापाशी खाली गेल्या आणि सुनेचा हात धरून उठल्या. मॅडमनी वहीत लिहिलं: हाताविना, अजून नाही.

तोवर कापसाची वेचणी सुरू झाली होती आणि आठ मिनिटांचं गणित कोलमडलं. निंदण रोजानं असतं, कापूस किलोनं. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसतशी पुढे ओढते आणि पाठीचे स्नायू तो भार दिवसभर धरून राहतात. थांबेल तिचं वजन संध्याकाळी काट्यावर कमी भरतं. मॅडमनी तोड सुचवली: ओटी अर्धी भरली की रिकामी करायची. ढिगापर्यंतची चाल हीच उसंत. मावशींनी आठवडाभर केलं. दुपारनंतर खाटेची आठवण येत नाही, म्हणाल्या. पण काट्यावर थोडं कमीच भरतं. मालकाला ही ये-जा आवडत नाही. शेजारच्या ओळीतल्या दोघी आता तसंच करतात, बाकीच्या म्हणतात, आमची कंबर अजून धड आहे.