औषधांचा डबा: आज एकदा उघडून पाहा

आज बोलूया घरातल्या औषधांच्या डब्याबद्दल. ब्रिटनमधल्या आपल्या बहुतेक घरांत तो असतो. कधी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, कधी स्वयंपाकघरातला एक खण. प्रश्न असा, की वेळ आली तर त्यातून नेमकं हवं ते मिळेल का?

गेल्या दिवाळीत चकल्या तळताना माझ्या मनगटावर तेल उडालं. सासूबाई हळद घेऊन धावल्या, लेकीने टूथपेस्ट आणली, नवऱ्याने बर्फ काढला. तिघांचीही माया खरी, पण तिन्ही उपाय चुकीचे. भाजलं की आधी बांगड्या-अंगठ्या काढायच्या आणि तो भाग वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरायचा. घड्याळ लावून. मग वरून स्वच्छ क्लिंग फिल्म ठेवायची, पण करकचून गुंडाळायची नाही. तूप, हळद, बर्फ काही नको. जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा चेहऱ्यावर असेल, तर थेट इमर्जन्सी विभागात जा.

मलमपट्टी शोधायला आमचा डबा उघडला, तर निम्म्या गोष्टींची तारीख उलटून गेलेली! त्या दिवशी नव्याने भरला. त्यात काय ठेवलं, ते सांगते.

जखमेसाठी: वेगवेगळ्या आकाराची प्लास्टर्स, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, सेफ्टी पिना, हातमोजे, कात्री आणि चिमटा. सोबत डिजिटल थर्मामीटर आणि सिरपसाठी मापाची सिरिंज. घरातल्या चमच्याने औषध मोजू नका.

औषधांमध्ये: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अ‍ॅलर्जीची गोळी आणि जुलाबासाठी ओआरएस. दमा, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आयबुप्रोफेनआधी फार्मासिस्टला विचारा. आणि १६ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

आता खास आपल्या घरांची गोष्ट. आई-बाबा येतात तेव्हा लोणच्याबरोबर औषधांची पिशवीही येते. त्यात तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, पॅरासिटामॉल. इथली साधी गोळी ५०० मिलिग्रॅमची, तिकडून आलेली बऱ्याचदा ६५०ची. मोठ्या माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त घ्यायचं नसतं, म्हणजे इथल्या ८ गोळ्या. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर याहूनही कमी लागू शकतं. कॉम्बिफ्लाममध्येही पॅरासिटामॉल असतं, आणि सर्दीवर गरम पाण्यातून घेतो त्या लेमसिपमध्येही. सकाळी एक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं, असं करत नकळत मर्यादा ओलांडली जाते. याचा मार यकृतावर बसतो, आणि पहिल्या दिवशी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. म्हणून जास्त गेलंय असं कळलं, की बरं वाटत असलं तरी लगेच १११ला फोन करा.

दुसरा, बाळाचं औषध. इथल्या लहान मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं. भारतातल्या काही थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतं. आजीने सवयीने ५ मिलिलिटर दिलं, तर चौपटीहून जास्त डोस झाला. तिकडची बाटली इथल्या मापाने देऊ नका.

तिसरा, ओआरएस. इथली छोटी पुडी २०० मिलिलिटर पाण्यासाठी असते, तिकडची मोठी पुडी एक लिटरसाठी. मोठी पुडी एका पेल्यात ढवळली, तर मीठ इतकं होतं की लहान मुलाला धोका. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या.

डबा कुठे ठेवायचा? बाथरूममध्ये नको, तिथे दमट असतं. शेगडीच्या वरही नको. कोरड्या, थंड जागी, उंचावर, कुलूप असेल तर उत्तम. आजीच्या पर्समधल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांनाही हाच नियम. नातवंडांचे हात तिथे आधी पोहोचतात!

तारीख उलटलेली औषधं सिंकमध्ये ओतू नका, जवळच्या फार्मसीत परत द्या. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: घरातल्या प्रत्येकाची अ‍ॅलर्जी, रोजची औषधं, घरचा पोस्टकोड आणि दोन नंबर. छातीत दुखणं, श्वास लागणं, बेशुद्ध पडणं यासाठी ९९९. तातडीचा सल्ला हवा पण जिवाला धोका नाही, तर १११. तिथे दुभाषा मागता येतो, हे आई-बाबांनाही सांगून ठेवा.

तर मंडळी, चहा झाला की डबा उघडा, तारखा बघा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना दाखवा.