दिव्याखालची पिल्ले

खुडूक कोंबडी सुमारे २१ दिवस अंड्यांवर बसते. पिल्ले बाहेर आली तरी तिचे काम संपत नाही. दाणे टिपणारी पिल्ले थोड्या थोड्या वेळाने तिच्या पंखांखाली शिरतात आणि ऊब मिळाली की पुन्हा बाहेर पळतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना ही सोय नसते. त्यांच्यासाठी असतो ब्रूडर : पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे गोल कुंपण, खाली भाताच्या तुसाचा थर आणि वर टांगलेला विजेचा दिवा. ही व्यवस्था चांगली असूनही तिच्यात एखादा बदल केला की कधी कधी रात्रीतून पिल्ले दगावतात. असे का व्हावे?

मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१° सेल्सिअसच्या आसपास असते. नवजात पिल्लाला मात्र शरीराचे तापमान स्वतःच्या बळावर टिकवता येत नाही. त्याच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. उष्णता निर्माण करण्याची क्षमताही अपुरी असते. शिवाय शरीर लहान, म्हणजे वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. वर्गात एका वाटीत व एका पातेल्यात सारखेच गरम पाणी घेऊन दर पाच मिनिटांनी तापमान मोजा. वाटीतले पाणी लवकर निवते. पिल्लाचे तसेच होते.

म्हणून पहिल्या आठवड्यात दिव्याखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, सुमारे ३५° तापमान ठेवतात. पुढे दर आठवड्याला दिवा थोडा वर घेऊन ते सुमारे ३ अंशांनी उतरवतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत पिसे येतात आणि बहुधा दिव्याची गरज उरत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी दिवा नकोच असतो; थंडीत तो जास्त दिवस लागतो.

थर्मामीटर जवळ असावाच. पण पिल्लेही तापमान सांगतात. ती दिव्याखाली दाटीने गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर, चोच उघडी ठेवून व पंख फाकवून बसली असतील, तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसरीकडून वारा लागत असावा. ऐसपैस पसरून हळू आवाजात चिवचिवणारी पिल्ले सुखात आहेत. यांतली दाटी सर्वांत धोक्याची, कारण खालची पिल्ले गुदमरतात. कुंपण गोल असते ते याचसाठी. कोपरा असला की दाटी तिथेच होते.

बदलाचा दुसरा त्रास भीतीचा. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८७३ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. काही पिल्लांचे डोळे त्याने जवळजवळ चार दिवस झाकून ठेवले होते. डोळे उघडल्यावर ती त्याला पाहून घाबरून पळाली. पहिल्या एक-दोन दिवसांतच ज्यांनी माणूस पाहिला, ती मात्र त्याच्या मागे धावत. सुरुवातीच्या दिवसांत जे दिसते ते ओळखीचे होते. नंतर आलेले नवे काहीही भीतीचे ठरते.

यावरून व्यवहाराचे नियम निघतात. एका वेळी एकच बदल करावा. तो सकाळी करावा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते. नवे पाण्याचे भांडे आणले, तरी दोन-तीन दिवस जुनेही शेजारी असू द्यावे. तूस बदलताना जुने कोरडे तूस थोडे मिसळावे. जागा वाढवताना कुंपण थोडे थोडे सरकवावे आणि एक बाजू उबदार, दुसरी थंड राहील असे पाहावे, म्हणजे पिल्लाला निवड करता येते. आपल्याकडे वीज केव्हाही जाते आणि अचानक अंधार झाला की पिल्ले एकमेकांवर चढतात. म्हणून रोज थोडा वेळ, आपण जवळ असताना, दिवा बंद करून त्यांना अंधाराची सवय लावावी.

शाळेत किंवा गावात पिल्ले वाढवली जात असतील, तर विद्यार्थ्यांना एक सोपी नोंद करता येईल. दिव्याखाली किती, मधल्या भागात किती आणि कडेला किती पिल्ले आहेत, हे रोज ठरावीक वेळी मोजावे. पिल्लांना हात लावला तर साबणाने हात धुवावेत. मुद्दाम गारवा किंवा उष्णता देण्याचा प्रयोग मात्र करू नये. नुसत्या मोजणीतूनही पाच आठवड्यांचा आलेख तयार होईल. दिव्याखालची संख्या कोणत्या दिवसापासून उतरू लागली आणि त्या दिवशी पिल्लांच्या पंखांवर किती पिसे होती, हे विद्यार्थ्यांना स्वतःच शोधू द्यावे.