मीटिंग रूममधला सीओटू

भोसरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवर 'सीओटू' म्हटलं की आठवतो तो वेल्डिंगचा सिलिंडर. ब्रॅकेट जोडायचं असो की फाउंड्रीत वाळूचा कोर कडक करायचा असो, हा वायू पैसे मोजून आणावा लागतो. तोच वायू कंपनीतली माणसं दिवसभर फुकट तयार करत असतात. त्याची नोंद मात्र कुठल्या रजिस्टरात नसते.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ४२५ भाग, म्हणजे ४२५ पीपीएम असतो. आपल्या उच्छ्वासात तो चार टक्के, म्हणजे जवळपास शंभर पट. खुर्चीत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर सोडतो. आता एखादी मीटिंग रूम घ्या: २० फूट बाय १६, उंची १० फूट. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग, १२ माणसं, दार बंद, स्प्लिट एसी चालू. हा एसी खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. फटींतून येणारी हवा हिशेबात धरली नाही, तर पाव तासात आकडा हजारावर जातो आणि तासाभरात २८०० वर. म्हणजे रिजेक्शनचा विषय निघेपर्यंत सगळे एकमेकांचीच हवा घेत असतात.

खोलीतली हवा हजार पीपीएमच्या आत असावी, ही रेघ म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये आखली. एवढा वायू अपाय करतो असं त्यांचं म्हणणं नव्हतं. हवा शिळी झाल्याची ती खूण, इतकंच.

२०१२ मध्ये मात्र खळबळ उडाली. अमेरिकेत उषा सतीश आणि बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २२ जणांना ६००, १००० आणि २५०० पीपीएमच्या हवेत बसवून निर्णयक्षमतेची चाचणी घेतली. बाकी हवा तीच, फक्त शुद्ध वायू वाढवलेला. हजारालाच नऊपैकी सहा निकषांवर गुण घसरले. २५०० ला सात निकषांवर ते पार कोसळले. पुढे २०१८ मध्ये पाणबुडीवरच्या नौसैनिकांना तीच चाचणी थेट १५,००० पीपीएमला दिली, तर काहीच फरक दिसेना! डेन्मार्कमधल्या प्रयोगाने गुंता थोडा सोडवला. नुसता वायू ३००० पर्यंत वाढवला तेव्हा काही बिघडलं नाही. पण तोच आकडा माणसांच्या श्वासाने आणि अंगच्या वाफाऱ्याने गाठला, तेव्हा डोकं दुखलं, पेंग आली, बेरजा मंदावल्या. माझ्या मते पेटेनकोफरच खरे ठरतात. सीओटू हा फार तर चुगलखोर. गुन्हेगार ती कोंदट हवा.

भोसरी-चाकण पट्ट्यातली गंमत अशी, की उंच शेड, छतावरचे गरगरणारे टर्बो व्हेंटिलेटर आणि ट्रकसाठी सताड उघडी शटर यांमुळे लाइनवरच्या कामगाराला निदान या बाबतीत बरी हवा मिळते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानेही कामाच्या जागेत माणशी १४.२ घनमीटर जागा सांगितली होती, तीही ४.२ मीटरपर्यंतचीच उंची मोजून. आपल्या मीटिंग रूममध्ये माणशी साडेसात घनमीटर पडते. तयार भाग मोजून तपासायच्या स्टँडर्ड रूमची तर आणखी पंचाईत. मोजमापासाठी तापमान २० अंशांवर ठेवायचं म्हणून तिथे दार उघडू देत नाहीत. आणि मायक्रॉनच्या फरकावर लॉट पास की फेल हे ठरतं तिथेच.

खिडकी उघडा म्हणणं सोपं आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरची धूळ आणि ट्रकचा धूर आत घेऊन कुणाचं डोकं चालणार? शिवाय भोसरी-निगडीची हवामापन केंद्रं बाहेरची धूळ सांगतात. खोलीतल्या सीओटूबद्दल त्यांच्याकडे उत्तर नाही. देशाच्या हवेच्या मानकांतल्या १२ प्रदूषकांत तो मुळात नाहीच. उपाय एकच: फिल्टर लावलेला ताज्या हवेचा डक्ट. आकडा हजाराच्या आत ठेवायला माणशी १८ ते २० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, ताजी हवा लागते. सीओटू मीटर काही हजार रुपयांत मिळतो. तो खिडकीजवळ किंवा कुणाच्या तोंडासमोर ठेवू नये, इतकंच पथ्य.

प्लांट हेड आणि मेंटेनन्सवाल्यांनो, एसीची पुढची चौकशी काढाल तेव्हा टनांच्या रकान्याशेजारी ताज्या हवेच्या सीएफएमचाही एक रकाना घाला, आणि तो रिकामा ठेवणाऱ्याचं कोटेशन परत पाठवा.