मल्लखांब आणि वणीचा गड

चैत्रात धुळे-जळगावकडून वणीच्या सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांनो, मल्लखांबाची जन्मकथा याच गडाशी जोडलेली आहे!

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आले. त्यांचं आव्हान कोणी घेईना. तरुण बाळंभटदादा देवधरांनी मुदत मागितली, गड गाठला आणि देवीची आराधना केली. तिथे झाडावर खेळणाऱ्या मारुतीरायाने त्यांना डाव दाखवले, अशी आख्यायिका आहे. (माकडांच्या उड्या बारकाईने पाहिल्या असणार, असं माझं मत.) परत येऊन त्यांनी गुलाबला चीत केलं, अलीने कुस्तीच टाळली म्हणतात.

त्या डावांतूनच मल्लखांब घडला म्हणतात, पण खांब त्याहून जुना. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभ येतो. बाळंभटदादांनी त्याला नवं आयुष्य दिलं, एवढं नक्की. खांब साग किंवा शिसवीचा, वर निमुळता, एरंडेल चोळलेला. जोडीदाराशिवाय पकड, पायांची तिढी, पाठीचा कणा, सगळं तयार होतं. कुस्तीगीराला आणखी काय हवं?

1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांब जर्मनीत दाखवला. 2019 साली मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. 2024 मध्ये दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली.

खान्देशातल्या कुठल्या तालमीत आजही खांब उभा असेल तर फोटो टाका, आणि पोरांना तिकडे धाडा!