सहीच्या पुढचं अक्षर : कुलसुम सयानी आणि ‘रहबर’

शेलूबाजारला आमच्या महिला बचत गटाचं रजिस्टर मी लिहिते. दर महिन्याला शेजारच्या चाची नावापुढे आंगठा उमटवतात. साक्षरता वर्गात त्या सही शिकल्या होत्या. त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “मले सही येत होती बाई, मंग इसरली.” शिकलेलं अक्षर विसरतं कसं? याचा शोध घेताना मी कुलसुम सयानींपर्यंत पोहोचले.

कुलसुमबाईंचा जन्म २१ ऑक्टोबर १९०० रोजी गुजरातेत झाला. वडील डॉ. रजबअली पटेल गांधीजींचे डॉक्टर होते. १९१७ साली वडिलांबरोबर त्या गांधीजींना भेटल्या आणि राष्ट्रीय चळवळीशी जोडल्या गेल्या. लग्नानंतर मुंबई त्यांची कर्मभूमी झाली. पुढे त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या सरचिटणीसही होत्या. पण त्यांचं खरं राजकारण सभेच्या व्यासपीठावर नव्हे, तर चाळीतल्या उंबरठ्यावर घडलं.

१९५१ च्या जनगणनेतही देशातल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या. त्याआधीच्या दशकांत, पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बाया वर्गात येणार कशा? बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबईत प्रौढशिक्षणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा कुलसुमबाईंनी शंभर रुपयांचा निधी आणि दोन शिक्षिका घेऊन मुस्लीम वस्त्यांत काम आरंभलं. दारोदार जाऊन बायांचं आणि घरच्यांचं मन वळवायचं, असा त्यांचा क्रम होता.

बाया अक्षरं शिकल्या. पण पुढे वाचायचं काय? मुलांचं अंकलिपी पुस्तक मोठ्या माणसाला पोरकट वाटतं आणि वर्तमानपत्र जड जातं. मधली पायरीच नसेल, तर अक्षर हातातून निसटतं. ही पायरी म्हणून १९४० साली त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक काढलं. रहबर म्हणजे वाट दाखवणारा.

त्याची भाषा सोपी, रोजच्या बोलण्यातली हिंदुस्तानी होती. लिपी मात्र तीन : देवनागरी, उर्दू आणि गुजराती. हिंदी-उर्दूचा वाद पेटून लिपी धर्माची खूण बनत होती, तो हा काळ. तीच गोष्ट तिन्ही लिप्यांत छापली की भाषा कोणा एकाची उरत नाही. गांधीजींनाही हा उद्देश पसंत होता. अंकाच्या कामात धाकटा मुलगा अमीन मदत करी. पुढे ‘बिनाका गीतमाला’तून देशभर पोहोचलेल्या अमीन सयानींच्या सोप्या बोलीची तालीम या घरातच झाली.

‘रहबर’ १९६० पर्यंत चाललं. त्याच वर्षी कुलसुमबाईंना पद्मश्री आणि १९६९ मध्ये नेहरू साक्षरता पुरस्कार मिळाला. १९८७ साली त्यांचं निधन झालं.

सही ही साक्षरतेची सुरुवात आहे, शेवट नाही, हे त्यांनी वीस वर्षं अंक काढून दाखवलं. आपण मात्र सही झाली की नाव साक्षरांच्या यादीत घालतो आणि वर्ग बंद करतो. चाची विसरल्या, कारण सहीनंतर त्यांच्या हाती वाचायला काहीच आलं नाही.

आता रजिस्टरमधली नावं आणि रकमा मी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिते. मागच्या बैठकीत चाचींनी आपलं नाव बोट ठेवून शोधलं. शेजारची रक्कमही वाचली. दहा रुपये कमी लिहिले होते. चूक माझी होती.