वाळूखाली आणि वाळूवर

वाळवंटात काय असते? असे कोणी विचारले तर आपण पटकन म्हणतो, "काय असणार? वाळू!" मीही पुष्कळ वर्षे शाळेत मुलांना असेच सांगत होतो. निवृत्त झाल्यावर राजस्थानात जैसलमेरला जाण्याचा योग आला, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

जैसलमेरजवळ आकल नावाचे ठिकाण आहे. तिथे उघड्या माळावर झाडांचे मोठमोठे ओंडके पडले आहेत. हात लावून पाहावा, तर दगड! सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी तिथे जंगल होते. झाडे गाळात पुरली गेली. पाण्यात विरघळलेली खनिजे लाकडात कणाकणाने शिरली. लाकूड गेले, त्याच्या आकाराचा दगड राहिला. पुढे तिथे समुद्र आला. जैसलमेरचा किल्ला ज्या पिवळ्या दगडाचा आहे, तो समुद्राच्या तळाशी साचलेला दगड. त्यात शंखशिंपल्यांचे ठसे सापडतात. आणि आज तिथे पाऊस किती? वर्षाला जेमतेम ६ ते ८ इंच.

खारे पाणी उन्हाने आटले की तळाशी क्षार उरतात. मिठागर तुम्ही पाहिले असेल, तसेच. वाळवंटातल्या सखल जागी असेच आटून आटून जिप्समचे थर झाले. बिकानेर, नागौर, जैसलमेरकडे ते खणून काढतात. सिमेंटला ते लागते. आपल्याकडचा शेतकरी चोपण जमीन सुधारायला पोती आणून टाकतो, तेही हेच. बाडमेरकडे लिग्नाइट म्हणजे कच्चा कोळसा आहे, आणि २००४ साली तिथे तेलाचाही मोठा साठा सापडला.

पण जिप्समचा खरा गुण तिथल्या बायाबापड्यांना विचारा. वाळवंटात खोल खणले तर पाणी लागते, पण ते खारे. तोंडात धरवत नाही. काही गावांत मात्र वाळूखाली जिप्समचा कठीण थर आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि त्या थरावर अडते. खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. मग लोक त्या थरापर्यंत अरुंद विहीर खणतात. माणूस जेमतेम आत बसेल एवढीच रुंद. तिला म्हणतात कुई. ओल्या वाळूतून थेंब थेंब पाणी गळते, दिवसाकाठी दोन-तीन घडे. पण गोडे! थर फोडला तर हे पाणी खाली जाऊन खारे होणार, म्हणून खणणारा तिथे हात आखडता घेतो.

जनावरांची रीत याहून निराळी. चिंकारा हरीण दिवसच्या दिवस पाणी पीत नाही, पाल्यातल्या ओलाव्यावर भागवते. सांडा नावाचा सरडा बिळात राहतो आणि गवत खातो. बाजारात 'सांड्याचं तेल, सगळ्या दुखण्यांवर इलाज' म्हणून ओरडणारे भेटतात ना? त्यापायी हा गरीब जीव मारला जातो. त्याला मारणे गुन्हा आहे, आणि तेलात औषध काही नाही. वाळूतला खेजडी वृक्ष म्हणजे आपली दसऱ्याची शमी. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावी ही झाडे वाचवताना बिश्नोई समाजाच्या ३६३ माणसांनी प्राण दिले.

आता माळढोकाचे सांगतो. हा पक्षी आपलाही. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, पण तिथे तो आता क्वचितच दिसतो. जे दीडशेच्या आसपास उरले, ते बहुतेक जैसलमेरकडेच. अंगाने जड, डोळे बाजूला. समोरची वीजतार त्याला उशिरा दिसते, आणि वळायला वेळ उरत नाही. पवनचक्क्या आणि सौरवीज वाढली तशा तारा वाढल्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने शक्य तिथे तारा जमिनीखालून नेण्यास सांगितले. २०२४ साली तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली.

मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कोल्ह्याकुत्र्यांच्या तावडीतून ते वाचणार कसे? म्हणून २०१९ साली सम येथे केंद्र निघाले. तिथे माळावरची अंडी आणून उबवतात. त्यातून झालेली पिल्ले मोठी होऊन आता स्वतः अंडी घालू लागली आहेत. पण त्यांना माळावर सोडायचे, तर आधी तारांचे काय करायचे ते ठरले पाहिजे.