दोन शीट, रोंगाई!

नैरोबीच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या तळावर पोचलो तेव्हा रोंगाईला जाणारी १२५ नंबरची गाडी अगदी निघायच्या बेतात दिसली. इंजिन गुरगुरत होतं. गाडी हातभर पुढे जायची, पुन्हा मागे यायची. दाराला लटकलेला पोरगा ओरडत होता, ‘रोंगाई सो! वावीली, वावीली!’ भाडं शंभर शिलिंग, माणसं दोनच हवीत. मी पळत जाऊन चढलो. बसलो मात्र, पुढच्या बाकांवरचे चौघे निवांत उठले, उतरले आणि शेजारच्या गाडीत जाऊन बसले. ते प्रवासी नव्हतेच. रिकाम्या गाडीत कुणी चढत नाही, म्हणून गाडी भरलेली दिसावी यासाठी त्यांना बसवलेलं होतं.

मला हसूच आलं. ‘दोनच शीट, निघालीच गाडी’ असं म्हणणाऱ्या वडापवाल्यावर विश्वास ठेवून कराडच्या स्टँडबाहेर मी कितीदा तरी अर्धा-अर्धा तास काढलाय. इथे फक्त गाडी मोठी होती, तेहतीस सीटची. बाहेरून फुटबॉलपटूंची नि गायकांची चित्रं रंगवलेली, आत जांभळे दिवे, आणि छातीत धडधडणारा आवाज. अशा नटलेल्या गाडीला इथली पोरं ‘ङान्या’ म्हणतात. रोंगाईचा मार्ग त्यासाठीच प्रसिद्ध.

एरवी सगळ्यांचं नाव एकच : मातातू. स्वाहिलीत तातू म्हणजे तीन. सुरुवातीला भाडं दहा सेंटची तीन नाणी असायचं, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. तेव्हा शहरात बस कंपनीची मक्तेदारी होती आणि या गाड्या चोरून चालायच्या. १९७३ मध्ये अध्यक्ष जोमो केन्याटा यांनी त्यांना परवान्याच्या जाचातून सूट दिली आणि रस्ता मोकळा झाला. २०१९च्या जनगणनेत नैरोबीची वस्ती ४४ लाखांच्या घरात होती. यातला जो पायी जात नाही आणि ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, तो बहुधा मातातूत असतो.

पंचवीस मिनिटांनी गाडी खरोखर भरली. दारातल्या पोराने, म्हणजे मकांगाने, पत्र्यावर दोनदा थाप मारली. आपल्याकडे कंडक्टर दोनदा घंटी वाजवतो, तसंच. ‘देरे’ने, म्हणजे ड्रायव्हरने, मागे न बघता गाडी सोडली. मकांगा तिच्याबरोबर चार पावलं धावला आणि मग चढला. उगाच नाही धावला. शेवटच्या क्षणी फुटपाथवर कुणी हात केला तर त्याला आत ढकलायला तो खाली असलेला बरा.

लांगाटा रोडला लागल्यावर वसुली सुरू झाली. उभी घडी घातलेल्या नोटा त्याच्या डाव्या हाताच्या बोटांमध्ये खोचलेल्या : पन्नासच्या एका फटीत, शंभरच्या दुसऱ्या. मी दोनशेची नोट दिली. ती घेऊन तो पुढे गेला. तिकीट नाही, पावती नाही, सुट्टे पैसे नाहीत. मी अस्वस्थ झालो. शेजारच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांचेही पैसे यायचे होते. तीस-बत्तीस माणसं, कुणी मधेच उतरणार, कुणी मधेच चढलेलं, कुणाचं किती देणं लागतो हे सगळं त्या पोराच्या डोक्यात. विल्सन विमानतळ मागे पडला तेव्हा माझ्या खांद्यावर टिचकी बसली. शंभराची नोट. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

हा सगळा आरडाओरडा, ही घाई एका आकड्यावर चालते. संध्याकाळी मालकाला ठरलेली रक्कम द्यायची. डिझेल, तळावरची देणी, वाटेतल्या पोलिसांची मर्जी हे त्याआधी. त्यातून उरेल ते देरे आणि मकांगाचं. पुण्यामुंबईत मालकाची रिक्षा चालवणाऱ्याला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. तळावर तासभर थांबायचं आणि रस्त्यावर मिनिटभरही नाही, यातली विसंगती मला सकाळी खटकली होती. पण रिकामी सीट म्हणजे नुकसान, म्हणून थांबायचं; आणि चुकलेली फेरी म्हणजेही नुकसान, म्हणून पळायचं. चित्रं, दिवे, गाणी हीसुद्धा त्याच हिशेबातली : दोन गाड्या उभ्या असतील तर कॉलेजची पोरं झगमगत्या गाडीतच चढतात.

सरकारने लगाम घातले नाहीत असं नाही. २००४ मध्ये वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांनी सीटबेल्ट, ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा आणि मार्गाचं नाव लिहिलेला पिवळा पट्टा सक्तीचा केला. तो पट्टा अजून दिसतो, चित्रांमधून वाट काढत. मार्गांचा नकाशा मात्र बराच काळ नव्हताच. नैरोबी विद्यापीठातल्या मुलांनी मोबाइल घेऊन गाड्यांमधून फिरत नोंदी केल्या आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या साथीने २०१४ मध्ये शंभराहून जास्त मार्गांचा नकाशा तयार झाला. वेळापत्रक त्यात नाही. ते असणार तरी कसं?

तसा हा परका प्रदेश मला फार परका वाटला नाही. गाडीला स्वाहिलीत ‘गारी’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडूनच समुद्र ओलांडून गेलेला आहे. ‘बासी’ म्हणजे बस, आणि ‘बासी’ म्हणजे पुरे. आपल्याही ‘बस’ला हे दोन्ही अर्थ आहेत.

रोंगाई आलं. उतरताना पाहिलं, मकांगा दारात उभा राहून ङोंगच्या डोंगराकडे बघत होता. तिकडे आभाळ काळवंडलं होतं. इथे अजून ऊनच होतं. मी दुसरा पाय जमिनीवर टेकवायच्या आत त्याने परतीची आरोळी ठोकली, ‘ताओ! सो ना हाम्सिनी!’

शहरात जायचे दीडशे. पाऊस पडायला अजून अवकाश होता. भाडं चढलं होतं.